डीपीपीएचचा जांभळा रंग गेला, पण मेम्ब्रेन वाचलं असं कसं म्हणायचं?

जांभळी_बाटली
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि प्रोजेक्ट पानांच्या अर्कातल्या फ्लॅव्होनॉइड्सवर (झाडं बनवतात ती अँटीऑक्सिडंट संयुगं) आहे. झालं असं की टोटल फ्लॅव्होनॉइड काढलं, मग डीपीपीएच (जांभळं रॅडिकल, अँटीऑक्सिडंट भेटलं की त्याचा रंग जातो) केलं, क्वर्सेटिन (शुद्ध फ्लॅव्होनॉइड) स्टँडर्ड ठेवलं, रिझल्ट एकदम झकास, ५१७ नॅनोमीटरला अॅब्सॉर्बन्स धडाधड खाली, जांभळ्याचं पिवळं झालं आणि मी खूश. त्याच खुशीत ड्राफ्टमध्ये ठोकून दिलं की "सदर अर्क पेशींच्या मेम्ब्रेनचे ऑक्सिडेटिव्ह डॅमेजपासून संरक्षण करतो".

मॅडमनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलंय, "मेम्ब्रेन कुठे होतं?"

दोन दिवस झाले मी त्या तीन शब्दांकडे बघतेय. बरोबर आहे त्यांचं, बाटलीत मेथनॉल होतं, डीपीपीएच होतं आणि अर्क होता, मेम्ब्रेन नव्हतंच. पण मग ज्याच्या त्याच्या पेपरच्या पहिल्या पॅराग्राफमध्ये हे वाक्य कसं काय असतं? फ्लॅव्होनॉइड खरंच मेम्ब्रेनमध्ये जातं का बाहेरच फिरत राहतं? तिथे जाऊन नेमकं काय करतं? "फ्री रॅडिकलला इलेक्ट्रॉन देतं" एवढं मला पाठ आहे पण त्याच्या पुढे विचारलं की माझी गाडी बंद. कोणीतरी नीट समजावा प्लीज, पेपरच्या लिंका नकोत, वाचून वाचून डोकं फिरलंय.

जुना_रसायनी
आधी मॅडमना माझा नमस्कार सांग. असे तीन शब्द लिहिणारा गाइड मिळायला नशीब लागतं, आमच्या वेळी नुसतं "ओके" लिहून सही व्हायची.

आता मुद्द्यावर येतो, जरा लांबण लागेल. फ्लॅव्होनॉइड थोडा वेळ बाजूला ठेव, आधी मेम्ब्रेन खराब होतं म्हणजे काय होतं ते बघ. सोप्या भाषेत सांगायचं तर ते खवट होतं. शाळेत शिकवतात ना, तेल उघडं राहिलं की ऑक्सिडीकरण होऊन खवट होतं, तीच रिअॅक्शन. पेशीचं मेम्ब्रेन म्हणजे शेवटी फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर, आणि त्यातल्या बऱ्याच फॅटी अॅसिडच्या शेपट्यांमध्ये एकापेक्षा जास्त डबल बाँड असतात. दोन डबल बाँडच्या मध्ये जो कार्बन असतो त्याचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो, कोणीही येऊन उचलावा इतका. लिनोलेइक अॅसिडमध्ये अशी एक जागा, अॅराकिडॉनिकमध्ये तीन, डीएचएमध्ये पाच. म्हणजे डोळ्याचा पडदा आणि मेंदू जिथे डीएचए भरपूर आहे तिथे खवट होण्याचा धोकाही भरपूर.

कोणत्याही रॅडिकलने तो हायड्रोजन उचलला की मागे कार्बनवर रॅडिकल उरतं, त्याला लगेच ऑक्सिजन चिकटतो (आणि ऑक्सिजन पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतो, हे विसरू नकोस, म्हणजे मेम्ब्रेनच्या पोटात तो आधीच तयार बसलेला असतो), मग पेरॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते शेजारच्या शेपटीचा हायड्रोजन ओढतं, मग ती शेजारीण तेच पुढे करते. साखळी. एक ठिणगी पडली की फटाक्यांची माळ सुरू, माळ कोणी पेटवली याला नंतर काही महत्त्व राहत नाही. शेवटी मॅलॉनडायअल्डिहाइड, ४-हायड्रॉक्सिनोनेनल असले तुकडे पडतात आणि ते प्रोटीनला जाऊन चिकटतात, मेम्ब्रेन कडक होतं, गळायला लागतं.

म्हणून मेम्ब्रेन वाचवायचं तर तीन ठिकाणी हात घालता येतो. एक, ठिणगीच पडू द्यायची नाही. दोन, माळ मध्येच तोडायची. तीन, माळ तोडणारा जो आधीपासून तिथे आहे त्याला मदत करायची. फ्लॅव्होनॉइड तिन्ही ठिकाणी दिसतं, पण तिन्हीकडे सारखं कामाचं नाही आणि पेपरवाले तिन्हीची खिचडी करतात.

ठिणगी म्हणजे बहुतेक वेळा लोह. फेंटनने १८९४ मध्ये दाखवलेली रिअॅक्शन, फेरस आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भेटले की पुढे हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतं. आता इथे एक गैरसमज आहे तो आधी डोक्यातून काढ. "फ्लॅव्होनॉइड हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडतं" असं सगळे लिहितात. अगं, हायड्रॉक्सिल रॅडिकल कोणीही पकडतं! ते इतकं पिसाळलेलं असतं की जिथे जन्मलं तिथून काही नॅनोमीटरच्या आत जे सापडेल त्याला चावतं. रक्तात ग्लुकोज ५ मिलिमोलार म्हणजे ५००० मायक्रोमोलार आहे, फ्लॅव्होनॉइड १ मायक्रोमोलार सुद्धा मुश्किलीने, मग पकडणार कोण? ग्लुकोज. म्हणून हायड्रॉक्सिलच्या बाबतीत पकडण्यात काही अर्थ नाही, ते तयार होऊ न देण्यात आहे, म्हणजे लोहाला बांधून ठेवणं. क्वर्सेटिनकडे त्यासाठी जागा आहेत, बी रिंगवरचे (रेणूच्या एका टोकाची बेन्झिनची रिंग) शेजारी शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल, आणि तिकडे ४ नंबरच्या कीटोशेजारी ३ आणि ५ चे हायड्रॉक्सिल. तिथे लोह चिमट्यात पकडल्यासारखं बसतं.

माळ तोडणं म्हणजे पेरॉक्सिल रॅडिकलला शेपटीच्या आधी स्वतःचा हायड्रोजन देणं. इथे पण तीच बी रिंग कामाला येते. दिल्यावर मागे जे फ्लॅव्होनॉइड रॅडिकल उरतं ते इलेक्ट्रॉन सगळ्या रिंगांमध्ये वाटून घेतं म्हणून थंड राहतं, पुढे कोणाला चावत नाही.

तिसरं, म्हणजे व्हिटॅमिन ई ला मदत, हे मला सगळ्यात आवडतं. पण आता जेवायची वेळ झाली, उरलेलं रात्री लिहितो.

कट्ट्यावरचा_बंडू
सर ऐन रंगात आले की ह्यांची जेवायची वेळ होते 😄 मालिका बनवा हो यावर

शंकेखोर
रसायनी काकांनी जे लिहिलं ते पुस्तकात बरोबर आहे पण मला एक खटकतं, प्रश्न विचारलेला "फ्लॅव्होनॉइड मेम्ब्रेनमध्ये जातं का" त्याचं उत्तर अजून आलंच नाही. आणि सगळे क्वर्सेटिन क्वर्सेटिन करतात, सहा हजारांहून जास्त फ्लॅव्होनॉइड माहीत आहेत, झाडात बहुतेक सगळी साखर चिकटलेल्या रूपात असतात, त्यांचं काय?

जुना_रसायनी
जेवून आलो. शंकेखोर, तुझं बरोबर आहे, आधी तेच घेतो.

मेम्ब्रेनमध्ये कोण किती आत जातं ते त्या रेणूच्या स्वभावावर आहे. व्हिटॅमिन ई ला लांब शेपटी आहे, ती चरबीत घुसून बसते आणि डोकं वरच्या बाजूला पाण्याच्या काठाशी येतं, म्हणजे तो तिथला कायमचा रहिवासी. फ्लॅव्होनॉइडला शेपटी नाही. दोन टोकांना बेन्झिनच्या रिंगा, मध्ये तीन कार्बनचा जोड, सी६-सी३-सी६ असा १५ कार्बनचा चपटा सांगाडा आणि त्यावर इथे तिथे हायड्रॉक्सिल. त्यामुळे ते ना पूर्ण पाण्याचं ना पूर्ण चरबीचं, काठावर रेंगाळतं. फॉस्फोलिपिडच्या डोक्यांपाशी हायड्रोजन बाँड करून बसतं, चपट्या रिंगा थोड्या आत सरकतात. ज्यांना हायड्रॉक्सिल कमी ते जास्त आत, ज्यांना जास्त ते वर. ग्रीन टीमधल्या ईजीसीजीसारखी गॅलेट असलेली कॅटेचिन्स डोक्यांना चांगली चिकटतात. आणि साखर लागली, उदाहरणार्थ रुटिन म्हणजे क्वर्सेटिनच्या ३ नंबरच्या हायड्रॉक्सिलवर दोन साखरा, की गाडी पाण्याकडे ओढली जाते आणि वर ३ चं हायड्रॉक्सिल पण गुंतून पडतं. म्हणून डीपीपीएचमध्ये रुटिन जवळपास क्वर्सेटिनच्या बरोबरीने पळालं तरी लिपोसोममध्ये (फॉस्फोलिपिडचे लॅबमध्ये बनवलेले बारीक फुगे, म्हणजे नकली मेम्ब्रेन) तसंच पळेल असं अजिबात गृहीत धरायचं नाही. मॅडमचा प्रश्न हाच आहे बघ. मेथनॉलमध्ये आत-बाहेर असा प्रकारच नसतो, सगळे एकाच खोलीत.

मग कोणी म्हणेल काठावर बसून आतली माळ कशी तोडणार? तर पेरॉक्सिल रॅडिकल तयार झाल्यावर ती शेपटी ऑक्सिजनमुळे जराशी पाणीप्रेमी होते आणि वळून काठाकडे तरंगत येते असं मानलं जातं. म्हणजे चोर दारातूनच बाहेर पडणार, राखणदार दारात बसला तरी चालतं. शिवाय चपटे रेणू घुसल्यामुळे मेम्ब्रेनची हालचाल थोडी कमी होते, शेपट्या जरा घट्ट होतात, आणि रॅडिकलला शेजारणीपर्यंत पोचायला त्रास होतो असंही एक मत आहे. हे लिपोसोमवर फ्लुओरेसंट प्रोब टाकून बघितलेलं आहे.

आता व्हिटॅमिन ई. पेरॉक्सिलला हायड्रोजन देऊन टोकोफेरॉल (म्हणजे हेच व्हिटॅमिन ई) स्वतः रॅडिकल होतं, आणि मेम्ब्रेनमध्ये साधारण हजार लिपिडमागे एक टोकोफेरॉल, इतकं कमी. ते इतक्या कमी संख्येने पुरतं कसं? कारण त्याला पुन्हा भरून दिलं जातं. रिडक्शन पोटेन्शियलचे (इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद) आकडे बघ, मिलिव्होल्टमध्ये: लिपिड पेरॉक्सिल साधारण १०००, टोकोफेरॉल रॅडिकल ५००, क्वर्सेटिन ३३० च्या आसपास, व्हिटॅमिन सी २८२. पाणी जसं उतारावरून वाहतं तसा इलेक्ट्रॉन खालच्या आकड्याकडून वरच्या आकड्याकडे जाऊ शकतो. म्हणजे क्वर्सेटिन टोकोफेरॉलला परत उभं करू शकतं आणि व्हिटॅमिन सी क्वर्सेटिनला. आणि क्वर्सेटिन बसलंय कुठे, काठावर, एका हाताला चरबीतला ई आणि दुसऱ्या हाताला पाण्यातला सी. जागा बघ काय मोक्याची आहे.

आकडे "होऊ शकतं" एवढंच सांगतात, "होतंच" असं नाही, आणि सी स्वतःच थेट ई ला भरून देतो, त्याला मधल्या दलालाची गरज असतेच असं नाही. पण लिपोसोममध्ये दोघं एकत्र टाकले की ई जास्त वेळ टिकतं, हे दिसलेलं आहे.

रात्रपाळी
रसायनी सर मस्त लिहिलंय पण आता मी पाणी ओतणार आहे, माफ करा 🙏

हे सगळं लिपोसोममधलं झालं. मी फार्माकॉलॉजीवाला आहे, आमच्याकडे पहिला प्रश्न असा की रेणू तिथे पोचतो किती आणि कुठल्या रूपात. क्वर्सेटिन पोटात गेलं की आतड्याच्या भिंतीतच त्याच्यावर ग्लुकुरोनिक अॅसिड, सल्फेट, मिथाइल चढवायला सुरुवात होते, उरलेलं काम लिव्हर करतं. रक्तात मोकळं क्वर्सेटिन जवळपास नसतंच, जे फिरतं ते हे कपडे चढवलेलं रूप, आणि बऱ्याचदा ज्या बी रिंगच्या जोडगोळीचं सर एवढं कौतुक करतायत त्यातलाच एक हायड्रॉक्सिल झाकलेला असतो. नेहमीच्या आहारातून रक्तातली पातळी बहुतेक वेळा १ मायक्रोमोलारच्या खाली. आणि लॅबमध्ये पेशींवर आपण टाकतो किती? १०, ५०, १००. त्याच रक्तात युरिक अॅसिड २०० ते ४०० मायक्रोमोलार आणि व्हिटॅमिन सी ३० ते ७० फिरत असतं, तेही अँटीऑक्सिडंटच आहेत. म्हणजे भरलेल्या स्टेडियममध्ये आणखी दोन माणसं शिरली तर गर्दी वाढली असं कोण म्हणेल.

एक गंमत सांगतो. फ्लॅव्होनॉइड भरपूर असलेली फळं खाल्ल्यावर रक्ताची एकूण अँटीऑक्सिडंट क्षमता वाढते असं बऱ्याच प्रयोगांत दिसायचं आणि सगळे म्हणायचे बघा बघा. २००६ मध्ये लोटिटो आणि फ्राय या दोघांनी हे सगळं तपासून मांडलं की ती वाढ मुख्यतः युरिक अॅसिडमुळे आहे, फळातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक अॅसिड वाढतं म्हणून. फ्लॅव्होनॉइड बिचारं नुसतं फोटोत उभं होतं. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक (पदार्थाची अँटीऑक्सिडंट क्षमता बाटलीत मोजायची चाचणी) आकड्यांचा डेटाबेसच काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता आणि सप्लिमेंट विकणारे मात्र त्यावर जाहिराती करत होते.

तर जांभळी_बाटली, तुझ्या मॅडमनी "मेम्ब्रेन कुठे होतं" विचारलं, पुढच्या वेळी "माणूस कुठे होता" विचारतील, तयारी ठेव.

मग फ्लॅव्होनॉइड सगळं बोगस का? तसंही नाही. आतड्याच्या पोकळीत, म्हणजे शोषलं जाण्याच्या आधी, त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. तिथे खाल्लेल्या मांसातलं हीम लोह आणि खाल्लेली चरबी एकत्र घुसळली जाते, खवट होण्याला आदर्श जागा, आणि तिथे पॉलिफेनॉल थेट काम करत असतील हे पटण्यासारखं आहे. दुसरं म्हणजे सिग्नल. फ्लॅव्होनॉइड ऑक्सिडाइज होऊन क्विनोन बनतं ना, ते क्विनोन कीप१ नावाच्या प्रोटीनच्या सिस्टीनला चिकटतं, मग एनआरएफ२ सुटतं, न्यूक्लियसमध्ये जातं आणि पेशीचे स्वतःचे बचावाचे जीन चालू करतं, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट) बनवणारे, हीम ऑक्सिजिनेज वगैरे. म्हणजे अँटीऑक्सिडंट म्हणून नाही, उलट छोटासा चिमटा काढून. त्याला थोडं प्रमाण पुरतं, कारण सिग्नल आहे, लढाई नाही.

शंकेखोर
हे भारी आहे, म्हणजे जे चांगलं करतं ते अँटीऑक्सिडंट असल्यामुळे नाही तर प्रोऑक्सिडंट असल्यामुळे? 😳

रात्रपाळी
काही अंशी हो. आणि त्याची दुसरी बाजू पण आहे. तेच क्विनोन ग्लुटाथायोनला आणि प्रोटीनच्या थायॉलला जाऊन चिकटतं, डोस वाढला की पेशीचं ग्लुटाथायोनच खर्च होतं. तांबं किंवा लोह मोकळं असेल तर कॅटेकॉलवालं (म्हणजे बी रिंगवर ती जोडगोळी असलेलं) फ्लॅव्होनॉइड स्वतःच ऑक्सिडाइज होत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. ईजीसीजी नुसतं कल्चर मीडियात टाकून ठेवलं तरी पेरॉक्साइड बनतं, पेशी नसतानासुद्धा. कितीतरी जणांनी "ईजीसीजीने कॅन्सरच्या पेशी मारल्या" लिहिलंय आणि मारणारं खरं म्हणजे बाटलीतलं पेरॉक्साइड होतं. पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज एन्झाइम टाकून कंट्रोल घेतला नाही तर असंच होणार.

हिरवा_माणूस
सगळे माणसाच्या पोटात शिरलात, झाडाला कोणी विचारतच नाही. फ्लॅव्होनॉइड झाडाने आपल्यासाठी बनवलेलं नाही हो, स्वतःसाठी बनवलंय.

मूळ प्रश्न वनस्पतीच्या अर्काचा आहे म्हणून लिहितो. झाडाला पळून जाता येत नाही, ऊन कितीही असलं तरी पान उघडंच. क्लोरोप्लास्टमध्ये प्रकाश जास्त झाला की सिंगलेट ऑक्सिजन, सुपरऑक्साइड तयार होणार आणि त्याच्या आतलं थायलाकॉइड मेम्ब्रेन तर लिनोलेनिक अॅसिडने भरलेलं, खवट व्हायला एका पायावर तयार. फ्लॅव्होनॉइडचं पहिलं काम छत्रीचं, पानाच्या वरच्या थरात साठून यूव्ही-बी अडवणं. १९९३ मध्ये अॅराबिडॉप्सिसचे जे म्यूटंट तपासले, त्यातल्या टीटी४ ला चाल्कोन सिंथेज नाही म्हणजे फ्लॅव्होनॉइड बनवण्याची पहिलीच पायरी नाही, ते यूव्ही-बी खाली फार लवकर खराब झाले.

पण नुसती छत्रीच असती तर एक गोष्ट कळत नाही. कडक उन्हात झाड केम्फेरॉलपेक्षा क्वर्सेटिनची रूपं जास्त बनवायला लागतं. दोघांची यूव्ही शोषायची ताकद जवळपास सारखी, फरक एवढाच की क्वर्सेटिनच्या बी रिंगवर एक हायड्रॉक्सिल जास्त, रसायनी सरांची ती जोडगोळी. छत्रीसाठी त्या जास्तीच्या हायड्रॉक्सिलची काही गरज नाही. मग खर्च कशाला? म्हणून बरेच लोक म्हणतात की झाडात अँटीऑक्सिडंटचं काम खरंच चालतं. आणि झाडात प्रमाणाची अडचण नाही, तिथे १ मायक्रोमोलार वगैरे गरिबी नसते.

अडचण वेगळी आहे, जागेची. बरंचसं फ्लॅव्होनॉइड साखर लावून व्हॅक्युओलमध्ये (पेशीतली साठवणीची पिशवी) कोंडलेलं असतं, आणि रॅडिकल तयार होतात क्लोरोप्लास्टमध्ये. त्यावर एक उत्तर असं की हायड्रोजन पेरॉक्साइड मेम्ब्रेन ओलांडून व्हॅक्युओलपर्यंत जाऊ शकतं, तिथे पेरॉक्सिडेज एन्झाइम फ्लॅव्होनॉइडचा इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं पाणी करतं आणि व्हिटॅमिन सी फ्लॅव्होनॉइडला परत पहिल्यासारखं करतं. म्हणजे झाडातही थेट मेम्ब्रेनवर पहारा असा देखावा कमीच, मागच्या दाराने काम.

जांभळी_बाटली
बाप रे, एवढं सगळं! थँक्यू थँक्यू. रसायनी सर, तुमचं काठावर बसलेलं क्वर्सेटिन मी डायग्राम काढून भिंतीवर लावलंय. रात्रपाळी दादा, तुमच्यामुळे माझा डिस्कशनचा अर्धा भाग उडाला पण ठीक आहे 😅

आता प्रॅक्टिकल विचारते. माझ्याकडे सहा आठवडे आहेत. लिपोसोम करून बघू का? लेसिथिन आहे, रोटरी आहे, सोनिकेटर आहे. मेम्ब्रेन आणलं की मॅडमना दाखवता येईल तरी.

सुट्टीवरची_आई
मी विज्ञानवाली नाही, वाचता वाचता इथपर्यंत आले. ते ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घरी आणून ठेवल्यात, पेशींना चांगल्या म्हणून. घ्याव्या का नको?

रात्रपाळी
ताई, चहा पिणं वेगळं आणि अर्काची गोळी वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात. बाटलीवर ईजीसीजी किती लिहिलंय ते बघा, आणि दुसरी काही औषधं चालू असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना गोळी दाखवल्याशिवाय घेऊ नका. अँटीऑक्सिडंट आहे म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका, १९९४ मध्ये फिनलंडच्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला निघाला. ते फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण कल्पना तीच होती.

फ्लॅव्होनॉइडची मोठी चाचणी म्हणजे कोकोवाली, २०२२ मध्ये आली, २१,४४२ माणसं, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठोस फरक पडला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले पण तो मुख्य प्रश्न नव्हता, दुय्यम होता, म्हणून त्यावर उड्या मारता येत नाहीत.

सुट्टीवरची_आई
बरं झालं विचारलं. डॉक्टरांना दाखवते.

जुना_रसायनी
जांभळी, लिपोसोम जरूर कर. पण तीन-चार ठिकाणी पाय घसरतो, तेवढं सांगून ठेवतो.

पहिलं, माळ कशी पेटवतेस ते ठरव. बहुतेक जण लोह आणि व्हिटॅमिन सी टाकून पेटवतात. त्यात अर्काने संरक्षण दिलं तर तू सांगू शकणार नाहीस की त्याने माळ तोडली का नुसतं लोह बांधून ठेवलं. म्हणून दुसरा सेट एएपीएचचा घे, ते ३७ अंशाला ठराविक वेगाने फुटून पाण्याच्या बाजूला रॅडिकल सोडतं, लोहाचा संबंध नाही. दोन्हीकडे वाचवलं तर माळ तोडतंय, फक्त लोहाच्या सेटमध्ये वाचवलं तर चिमटा.

दुसरं, एकच टाइम पॉइंट घेऊन टक्केवारी काढू नकोस. वेळेवर ग्राफ काढ. खरा माळ तोडणारा असेल तर आधी सपाट लॅग दिसतो आणि तो संपला की ऑक्सिडीकरण पूर्वीच्याच वेगाने सुरू. नुसता उतार कमी झाला आणि लॅग नाही, तर तो फक्त अडथळा आणतोय.

तिसरं म्हणजे टीबीए, मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायची रंगाची चाचणी. गुलाबी रंग ५३२ ला मोजतेस, पण झाडाच्या अर्कात साखरा असतात, त्या टीबीएबरोबर तापवल्या की त्यांचाही रंग येतो. अर्क आहे पण लिपिड नाही असा ब्लँक हवाच. आणि तापवायच्या आधी नळीत थोडं बीएचटी (अँटीऑक्सिडंट) टाक, नाहीतर उरलेलं लिपिड तापवतानाच खवट होतं आणि तू मोजतेस ते तुझ्या वॉटर बाथचं काम. कॉन्ज्युगेटेड डाइन (खवट होण्याची सुरुवातीची खूण) २३४ ला मोजायचा मोह होईल, पण फ्लॅव्होनॉइड स्वतः त्या भागात शोषतं, जपून.

रात्रपाळी
आणि शुद्ध क्वर्सेटिन आणि रुटिन दोन्ही शेजारी लाव. डीपीपीएचमध्ये दोघांचा नंबर आणि लिपोसोममध्ये दोघांचा नंबर वेगळा आला तर तो एकच टेबल मॅडमच्या तीन शब्दांचं उत्तर आहे.

जांभळी_बाटली
परत आले, पाच आठवडे झाले. क्वर्सेटिनचा लॅग एएपीएचमध्ये मस्त लांब आला, रुटिनचा त्याच्यापेक्षा कमी, डीपीपीएचमध्ये मात्र दोघं जवळजवळ चिकटून होते. आता माझा अर्क. एएपीएचमध्ये लॅग आला पण छोटासाच, आणि लोहाच्या सेटमध्ये त्याच डोसला जवळपास सगळं वाचलं. म्हणजे चिमटा जास्त आणि माळ तोडणं कमी, बरोबर ना? मॅडम हसल्या आणि विचारलं, लोह पकडणारं ते फ्लॅव्होनॉइडच आहे कशावरून? 😭

जुना_रसायनी
बरोबर वाचलंस. आणि मॅडमही बरोबर आहेत, पानात सायट्रिक अॅसिड, ऑक्झॅलिक अॅसिड, टॅनिन, सगळेच लोह धरतात. उरलेल्या आठवड्यात एवढं होईल: अर्क पाण्यात घे, फनेलमध्ये इथाइल अॅसिटेटबरोबर हलव. सायट्रिकसारखी अॅसिड बहुतांशी पाण्यात राहतील, साखर नसलेली फ्लॅव्होनॉइड वरच्या थरात जातील, साखर लागलेली दोन्हीकडे वाटली जातील. दोन्ही थर सुकवून वेगवेगळे लोहाच्या सेटमध्ये टाक. इथाइल अॅसिटेट पूर्ण उडवल्याशिवाय लिपोसोमला लावू नकोस, नाहीतर मेम्ब्रेनच विरघळेल आणि मॅडम पुन्हा तेच तीन शब्द लिहितील.